आधी ओढणारा कोण ते सांगा

करडीला बर्फ पडत नाही. पडलीच तर गार पडते, तीही लाखोळी आणि हरभरा ऐन भरात असताना, आणि तिचं कुणालाच कौतुक नसतं. मोहाडी तालुक्यातलं, वैनगंगेच्या पूर्वेकडचं हे गाव. जवळ कोक्याचं जंगल, बाकी सगळीकडे धानाच्या बांध्या. अशा गावाचं नाव घेऊन बर्फावर चालवायच्या सायकलीची निवड कशी करावी याबद्दल लिहिणं चमत्कारिक वाटेल. पण बर्फ आता पूर्वीइतका दूर राहिलेला नाही. ६ जून २०२५ रोजी कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली. नागपूरवरून जाणारी हिमसागर एक्स्प्रेस कटऱ्याला पोचतेच. म्हणजे वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर सामान चढवणाऱ्या माणसाला आता रुळांवरूनच काश्मीर खोऱ्यात उतरता येतं, आणि तिथून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. दुसरीकडे जाडजूड टायरच्या ‘फॅट बाईक’ लहान शहरांतल्या सायकल दुकानांतही दिसू लागल्या आहेत, आणि मोबाईलवर कुणीतरी चाकांच्या जागी पट्ट्या लावून डोंगरावरून घसरताना दिसतोच. ते पाहून प्रश्न पडतो: बर्फावर जायचंच, तर सायकल कोणती घ्यावी?

या प्रश्नाचं उत्तर सहसा दुकानाच्या भाषेत मिळतं. फ्रेम अॅल्युमिनियमची की पोलादाची, शॉकअप किती, गिअर किती, किंमत किती. माझं म्हणणं असं, की ही सगळी चौकशी दुसऱ्या टप्प्यावरची आहे. मऊ जमिनीवर चालणारं कोणतंही वाहन निवडताना आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: भार कशावर तोलायचा, आणि ओढायचं कुणी. कडक रस्त्यावर या दोन्ही कामांचा विचार वेगळा करावा लागत नाही, कारण सायकलचं चाक दोन्ही कामं एकटं करतं. जमीन मऊ झाली की ही दोन कामं एकमेकांपासून सुटतात, आणि ती सुटली हे न कळल्यामुळे चुकीची वस्तू विकत घेतली जाते. धान पिकवणाऱ्या मुलखाला हे नव्यानं शिकवायची गरज नाही. तिथे दर पावसाळ्यात हाच प्रश्न बांधीत उभा असतो.

आधी भाराचं गणित मांडू. माणूस सत्तर किलोचा, सायकल पंधराची, एकूण पंच्याऐंशी. साध्या सायकलच्या टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला चारेक किलो असतो. टायर जमिनीला जेवढ्या जागेत टेकतो तिथे तो साधारण आपल्या आतल्या हवेच्या दाबाइतकाच दाब देतो. म्हणजे दोन्ही चाकं मिळून जमिनीला टेकलेली जागा सुमारे एकवीस चौरस सेंटीमीटर, आगपेटीपेक्षा किंचित मोठी. एवढ्याशा जागेवर पंच्याऐंशी किलो. डांबराला त्याचं काही वाटत नाही. कन्हारच्या, म्हणजे काळ्या चिकट मातीच्या, ओल्या जमिनीत किंवा ताज्या बर्फात ते चाक सुरीसारखं उतरतं. चार इंची फॅट टायरमध्ये हवा मुद्दाम कमी ठेवतात, अगदी अर्धा किलोपर्यंत. मग टेकलेली जागा एकशे सत्तर चौरस सेंटीमीटरवर जाते. आठपट सुधारणा. ऐकायला भरघोस वाटते. पण चालणाऱ्या माणसाचं काय होतं ते पाहा: बुटाचा तळवा दोनशे चौरस सेंटीमीटरच्या आसपास, एका पायावर सत्तर किलो, म्हणजे दाब ०.३५. फॅट टायरचा दाब माणसाच्या पावलापेक्षाही जास्तच आहे. यातून निघणारा नियम इतका सोपा आहे की तो दुकानात कुणी सांगत नाही: जिथे चालताना बूट खचतो, तिथे फॅट बाईकही खचणार. अमेरिकेत आणि कॅनडात बर्फ दाबून तयार केलेल्या वाटा सांभाळणारे लोक जवळजवळ हेच म्हणतात. टायरनं इंचभराहून खोल चाकोरी पडू लागली की उतरा आणि दुसऱ्या दिवशी या.

आता पट्टीचा, म्हणजे चाकांच्या जागी स्की लावलेल्या ‘स्की-बाईक’चा हिशेब. मीटरभर लांब आणि दहा सेंटीमीटर रुंद अशा दोन स्की घेतल्या तर जागा होते दोन हजार चौरस सेंटीमीटर. दाब चौरस सेंटीमीटरला बेचाळीस ग्रॅम, म्हणजे बुटाच्या आठव्या हिश्श्याएवढा. इथे भाराचा प्रश्न जवळपास संपतो. पण संपतो तो दुसरा प्रश्न उभा करूनच. चाक जमिनीला मागे ढकलून स्वतः पुढे जातं; पट्टी काहीच ढकलत नाही. ती फक्त घसरते. आणि घसरणंही फुकट नसतं. चांगल्या बर्फावर स्कीचं घर्षण वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास धरलं, तर पंच्याऐंशी किलोला सव्वाचार किलोची ओढ सतत लागते. डांबरावर नीट हवा भरलेल्या टायरला त्याच्या दहाव्या हिश्श्यातही भागतं. सपाट मैदानात स्की-बाईकवर बसून राहिलेला माणूस बसूनच राहील. त्याला साधारण तीन अंशांचा उतार हवा, तेव्हा कुठे ती स्वतःहून हलेल. थोडक्यात, पट्टीनं भार घेतला आणि ओढण्याचं काम डोंगराकडे सोपवलं. डोंगर मात्र एकाच दिशेनं ओढतो. पुन्हा वर कुणी न्यायचं?

करडीच्या बांधीत हा प्रश्न बैलांनी सोडवलेला असतो, किंवा आता ट्रॅक्टरनं. रोवणीआधी बांधीत पाणी धरून चिखलणी होते, माती पाण्यात कालवली जाते आणि मग तिच्यावर पाटा फिरतो. सहा-सात फुटांची, वीतभर रुंदीची जड लाकडी फळी, पुढे बैलजोडी, आणि फळीवर वजनासाठी उभा राहिलेला माणूस. माणूस आणि फळी मिळून तेच पंच्याऐंशी किलो धरले तर दाब निघतो चौरस सेंटीमीटरला वीस ग्रॅमच्या घरात, स्कीच्याही निम्मा. ज्या चिखलात त्याच माणसाचा पाय पोटरीपर्यंत जातो, त्याच चिखलावर तो उभ्यानं तरंगत जातो. पण बैल थांबले की फळी थांबते. तिला स्वतःची चाल नाही, आणि तशी अपेक्षाही कुणी करत नाही. ट्रॅक्टरची गोष्ट उलटी. त्याला ओढायचंच असतं, म्हणून चिखलात त्याला केजव्हील लावतात. लोखंडी पट्ट्यांचा तो पिंजरा चिखलात रुतून पकड घेतो. त्याच चाकांनी ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर आणला तर रस्ता उखडतो. एकच बांधी, एकच दिवस, एकच चिखल; तरी भार तोलायला एक वस्तू आणि ओढायला दुसरी. ही विभागणी शेतकऱ्यानं कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही, आणि स्की-बाईकच्या जाहिरातीत नेमकी तीच लपवलेली असते.

चिखलावर पट्टी घालून सरकणारे आणखीही आहेत. जपानच्या आरिआके समुद्रात ओहोटीला मैलोगणती चिखल उघडा पडतो, तिथले मासेमार लांब फळीवर एक गुडघा टेकून दुसऱ्या पायानं चिखल मागे रेटत जातात. काशिमा गावात १९८५ पासून याच चिखलात खेळांचा मेळावा भरतो. इंग्लंडच्या सॉमरसेट किनाऱ्यावर स्टोलफर्डला जाळ्यांपर्यंत पोचायला लाकडी घसरगाडी पोटाशी धरून ढकलतात. या दोन्ही ठिकाणी ओढणारा माणसाचा स्वतःचा पाय आहे. म्हणून अंतर बेताचं, ओझं बेताचं, आणि हौस म्हणून दिवसभर हे कुणी करत नाही.

बर्फावरच्या बैठ्या घसरगाडीचा इतिहासही हेच सांगतो. १८९२ साली अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या स्टीव्हन्स नावाच्या माणसानं सायकलीसारख्या बर्फगाडीचं पेटंट घेतलं, पण रुजली ती स्वित्झर्लंडमधली. ग्रिंडेलवाल्डचा सुतार क्रिस्टियान ब्युलमान याला चालायला त्रास होता. त्यानं १९११ साली सगळी लाकडाची, पॅडल नसलेली, ब्रेक नसलेली, दोन धावपट्ट्यांवर घसरणारी ‘व्हेलोगेमेल’ बनवली. तिच्यावर गावचा टपालवाला फिरे, डॉक्टर फिरे, पोरं शाळेत जात. चाक नाही की पॅडल नाही, तरी ती उपयोगाची ठरली, कारण घरं वर आणि गाव खाली, आणि ती हलकी असल्यानं चढावर हातानं ओढून नेता येई. ती गाडी ग्रिंडेलवाल्डमध्ये आजही बनते. त्या गावाच्या उताराशिवाय तिचा विचार करता येत नाही. १९४९च्या सुमारास ऑस्ट्रियात आणि जर्मनीत ‘स्कीबॉब’ आला: बसायला सीट, धरायला हॅण्डल, खाली दोन स्की, आणि स्वाराच्या दोन्ही पायांत आखूड स्की, टाचेला धातूचा पंजा, थांबण्यासाठी. १९६१ मध्ये इन्सब्रुकला त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला, १९६७ मध्ये ऑस्ट्रियातच बाड होफगास्टाइनला पहिली जागतिक स्पर्धा. आल्प्समध्ये डोंगरावर ओढून नेणाऱ्या लिफ्ट आणि केबल कार पसरल्या त्याच काळात हे घडलं. माझ्या मते हा योगायोग नाही. ब्युलमानला स्वतःची गाडी स्वतः वर न्यावी लागे. स्कीबॉबवाल्याला ओढणारा मिळाला होता.

आज ‘स्की-बाईक’ म्हणून जे विकलं जातं त्यात मुख्यतः तीन जाती आहेत. एक, हीच जुनी बैठी, पायात आखूड स्की घालायची. दुसरी, उभ्यानं चालवायची, जिच्यात पाय टेकायला खुंट्या असतात आणि तोल सगळा कंबर-गुडघ्यांनी सांभाळायचा. तिसरी खरं तर गाडी नव्हेच. आपल्या माउंटन बाईकची चाकं काढून त्या जागी स्की बसवायचा संच. बैठ्या गाडीत जमिनीशी चार ठिकाणी संपर्क असतो, म्हणून ती सर्वांत लवकर येते. खुंट्यांची गाडी ताज्या, खोल बर्फात जास्त मोकळी चालते, पण पडायला होतं तेव्हा नीट पडायला होतं. या दोन्हींत पाहायच्या गोष्टी थोड्याच. पुढच्या स्कीचं टोक वर उचललेलं राहील असा ताण हवा, नाहीतर ते बर्फात शिरतं आणि स्वार हॅण्डलवरून पुढे जातो. मागच्या स्कीला आडवा खेळ नको. कड धारदार हवी, कारण हिला ब्रेक नाही. थांबायचं ते आडवं वळून, कडेवर. आणि लिफ्टच्या खुर्चीवरून गाडी खाली पडू नये म्हणून बांधायचा पट्टा हवा. बाकी रंग वगैरे ज्याचा त्यानं पाहावा.

संचाच्या बाबतीत मात्र जरा थांबायला हवं, कारण सर्वांत जास्त मोह त्याचाच होतो. घरी सायकल आहेच, संच काही शे डॉलरमध्ये मिळतो, पूर्ण गाडीला हजार-दीड हजार डॉलरच्या पुढे मोजावे लागतात. मग संचच का घेऊ नये? कारण सायकलचा सांगाडा पॅडल मारण्यासाठी बांधलेला असतो. स्कीवर वळताना गाडी चांगलीच कलते, आणि खाली लोंबणारी पॅडल बर्फात अडकतात. चेन काढावी लागते, क्रँक आडवी जखडावी लागते, गिअरचा सापळा खुर्चीत आणि कपड्यात अडकतो, डिस्क ब्रेक नुसते शोभेला उरतात. एवढं करून जी वस्तू तयार होते तिचं वजन चांगल्या स्की-बाईकपेक्षा जास्त भरतं. देशांतर्गत विमानात बहुतेक कंपन्या पंधरा किलो सामान मोफत नेऊ देतात. त्यात कपडेही आले. तरी ज्याचं घर बर्फाच्या डोंगराखाली आहे, उदाहरणार्थ कोलोरॅडोत नोकरीला गेलेलं एखादं मराठी कुटुंब, त्यानं संच जरूर घ्यावा. वर्षातून सहा दिवस डोंगर पाहणाऱ्यानं घेऊ नये.

फॅट बाईकचं कुळ वेगळं. अलास्कात १९८७ साली बर्फातल्या कुत्र्यांच्या गाड्यांच्या वाटेवर सायकल शर्यत सुरू झाली. तिथल्या लोकांनी आधी रुंद रिम बनवल्या, कुणी दोन रिम एकाला एक जोडल्या, आणि २००५ मध्ये ‘सर्ली’ कंपनीची ‘पग्सली’ ३.७ इंची टायरसह बाजारात आली, तेव्हा ही जात दुकानापर्यंत पोचली. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की ती शर्यत मोकळ्या बर्फात नव्हती. घसरगाड्यांनी दाबून घट्ट केलेल्या वाटेवर होती. ओढणारे तिथे स्वाराचे पाय होते, आणि पायांनी ओढायचं तर चाक हवंच. म्हणून भाराच्या बाबतीत जेवढी तडजोड करता येईल तेवढी त्यांनी केली आणि वाट आधी कुणीतरी दाबून ठेवलेली असेल यावर विसंबले. आपल्याकडे जी फॅट बाईक मिळते तिचं वजन बरंच, टायर मात्र खरोखर चार इंची. दुकानदार ती टणक हवा भरून देतो, आणि घेणारा तशीच चालवतो. टणक हवेचा फॅट टायर म्हणजे नुसतं वजन. त्याचा सगळा गुण हवा काढण्यात आहे.

मग ही बाईक करडीच्या चिखलात चालेल का? वैनगंगेच्या वाळूत चालेल, आणि बरी चालेल, कारण वाळू चिकटत नाही. सिहार मातीच्या वाटेवरही पाऊस थांबल्यावर चालेल. कन्हार किंवा मोरांड मातीच्या पांदणीत नाही. तिथली अडचण खचण्याची नाहीच, चिकटण्याची आहे. ओली काळी माती टायरला लागते, थर वाढत जातो, मडगार्डमध्ये आणि फ्रेमच्या दुबेळक्यात भरते, आणि पन्नास पावलांवर चाक फिरायचं थांबतं. टायर जितका रुंद तितकी माती जास्त. अरुंद टायरची साधी सायकल खांद्यावर तरी टाकता येते. पाटा याच मातीवर चालतो तो वर पाणी उभं असतं म्हणून. पाणी उतरलं, चिखल अर्धा सुकला, की तोच पाटा मातीला चिकटून बसतो. बर्फाचंही असंच आहे. स्की घसरते ती घासण्याच्या उष्णतेनं तिच्याखाली पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो म्हणून. बाउडन आणि ह्यूज या संशोधकांनी १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखला जाऊन हे मांडलं. फार कडक थंडीत तो पापुद्रा नीट बनत नाही आणि बर्फ वाळूसारखा लागतो. वसंतात पाणी जास्त होतं आणि बर्फ खालून ओढून धरतो. त्यामुळे ‘बर्फावर चालणारी’ गाडी असं काही नसतं. अमुक प्रकारच्या बर्फावर चालणारी असते. मातीची कन्हार, मोरांड, खरडी, सिहार अशी वेगवेगळी नावं ठेवणाऱ्या मुलखाला हे सहज पटावं.

आणि एक प्रकार असा आहे की तिथे पट्टीही नको आणि फॅट टायरही नको: गोठलेला डांबरी रस्ता. लाहौल-स्पितीकडे हिवाळ्यात सायकल नेणारे हौशी हल्ली दिसतात. तिथल्या रस्त्यावर रात्री पाणी गोठून काचेसारखा पातळ थर बसतो. रुंद टायर त्यावर रुंदपणे घसरतो, एवढंच. तिथे टायरमध्ये धातूचे बारीक खिळे बसवलेले हवेत, रुंदी गौण.

आता आपल्याकडचा खरा डोंगर, गुलमर्ग. तिथला गोंडोला, म्हणजे केबल कार, हा ओढणारा आहे, आणि जबरदस्त आहे. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, कोंगडोरीपर्यंत. दुसरा २००५ मध्ये, अफरवटच्या खांद्यापर्यंत, जवळपास चार हजार मीटर उंचीवर. ओढणाऱ्याची अट पूर्ण झाली. पण वरचा उतार बहुतांश न दाबलेल्या खोल बर्फाचा आहे, तिथे हिमकडे कोसळतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये अफरवटच्या उतारावर परदेशी स्कीपटू हिमस्खलनात मेले. ही माणसं स्की येणारी होती. वर जाऊन पहिल्यांदाच स्की-बाईक चालवून पाहण्याची ती जागा नव्हे. शिकणाऱ्यानं खालच्या सौम्य उतारांवरच राहावं, आणि तिथे ओढणारा पुष्कळदा तो स्वतःच असतो किंवा छोटी दोरीची लिफ्ट. शिवाय केबिनमध्ये स्की-बाईक नेऊ देतील का, हा प्रश्न केबल कार महामंडळाला पैसे खर्च करण्याआधी विचारायचा असतो, पोचल्यावर नव्हे. परदेशातही सगळ्या डोंगरांवर हिला परवानगी नाही. उत्तराखंडातल्या औलीचा धडा आणखी मोठा आहे. जोशीमठ ते औली ही चारेक किलोमीटरची केबल कार जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागल्यावर बंद झाली. डोंगर तिथेच, बर्फही पडतो, पण ओढणारा गेला.

बर्फाचाही भरवसा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये, चिल्लई कलानचे, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे, चाळीस दिवस चालू असताना, गुलमर्गची कुरणं उघडी तपकिरी दिसत होती. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथले खेलो इंडिया हिवाळी खेळ बर्फ पुरेसा नाही म्हणून पुढे ढकलावे लागले आणि मार्चमध्ये झाले. सरकारी स्पर्धेला तारीख बदलता येते. दोन महिने आधी रेल्वेचं आरक्षण केलेल्या माणसाला आणि शाळेला सुट्टी असलेल्या त्याच्या मुलांना ती बदलता येत नाही.

माझ्या या म्हणण्यावर काही आक्षेप येतील, आणि त्यातला एक वजनदार आहे. तो असा: स्की शिकायला आठवडा-दोन आठवडे लागतात, गुडघे पिळवटतात, बैठी स्की-बाईक तासा-दोन तासांत जमते, पन्नाशीच्या पुढच्या माणसाला, गुडघेदुखी असलेल्याला, ती डोंगराचा दरवाजा उघडून देते. हे खरं आहे. ब्युलमानची गाडी जन्मालाच त्यासाठी आली होती. अशा माणसानं स्कीऐवजी स्की-बाईकच चालवावी असं मीही म्हणेन. पण ‘चालवावी’ आणि ‘विकत घ्यावी’ यांत फरक आहे. ज्याला बसून घसरायचं आहे त्यानं ती भाड्यानं जिथे मिळते तिथे जावं, आणि मिळत नसेल तर त्या डोंगरावर ती चालवण्याची सोयही बहुधा नसते, हे समजावं. तरुण आणि धडधाकट माणसाला मात्र मी उलटा सल्ला देईन: गुलमर्गला किंवा औलीला सरकारी संस्थांचे स्कीचे अभ्यासक्रम चालतात, तिथे आधी स्की शिका. स्की येणाऱ्याला बर्फ वाचता येतो, आणि ज्याला बर्फ वाचता येतो त्याला कुठलीही गाडी अर्ध्या दिवसात येते.

दुसरा आक्षेप विजेचा. मागच्या चाकाच्या जागी रणगाड्यासारखा पट्टा, पुढे स्की, आणि मोटर. म्हणजे ओढण्याचा प्रश्नच मिटला. असे संच निघाले आहेत, आणि तर्कानं पाहिलं तर तेच सर्वांत प्रामाणिक आहेत, कारण त्यांनी भार आणि ओढ ही दोन्ही कामं पुन्हा एका गाडीत आणली. पण खोल बर्फात पट्टा फिरवायला ताकद खूप लागते, थंडीत बॅटरी लवकर बसते, आणि प्रवासी विमान एवढी मोठी लिथियम बॅटरी घेत नाही. काश्मीरमध्ये राहणाऱ्यासाठी ही वस्तू आहे. भंडाऱ्याहून जाणाऱ्यासाठी नाही.

तिसरा आक्षेप थेट आहे: हौसेला हिशेब कशाला? हौसेला हिशेब नको, कबूल. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, जोडीवर लाखानं पैसे घालणारा मुलूख हा, त्याला हौस कुणी शिकवू नये. पण शंकरपटाचा शौकीनही जोडी घेताना बैलाची शिंगं रंगवलेली पाहून पैसे टाकत नाही. तो पाय पाहतो, खूर पाहतो, पटाची माती पाहतो. बर्फाच्या सायकलीला तेवढीच कसोटी लावा, एवढंच मागणं आहे.

तेव्हा माझा निवाडा सरळ आहे. करडीहून, किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाहून, पहिल्यांदा बर्फावर जाणाऱ्यानं स्की-बाईक विकत घेऊ नये, संच तर अजिबात नाही. गुडघ्यांची तक्रार असेल तर बैठी गाडी भाड्यानं, नसेल तर स्कीचा अभ्यासक्रम. फॅट बाईक घ्यायची तर बर्फाच्या नावानं घेऊ नका, नदीच्या वाळूसाठी आणि खडकाळ वाटेसाठी घ्या, आणि टायरमधली हवा अर्धा किलोपर्यंत उतरवायला शिका. दाब मोजायचा छोटा गेज दोन-तीनशे रुपयांत मिळतो. आणि पावसाळ्यात ती कन्हारच्या पांदणीत घालू नका.